पेनिसिलिनची पुनर्घटना आणि पुणे

पेनिसिलिनला होणाऱ्या प्रतिकाराचा इतिहास त्याच्या रुग्णोपचारातील वापराहून थोडा जुना आहे. १९४० साली एब्रहॅम व चेन यांनी पेनिसिलिनचा नाश करणारे एक एंझाइम ई. कोलाय या जंतूत असल्याचे दाखवून दिले. रुग्णावरील पहिला महत्त्वाचा प्रयोग १९४१ चा आहे. हे एंझाइम पेनिसिलिनच्या रेणूतील बीटा-लॅक्टम वलय फोडते आणि वलय फुटताच औषध निष्प्रभ होते.

पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांचा बालनिधी यांच्या साहाय्याने स्थापन झाला आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. परंतु तोवर पाश्चात्त्य रुग्णालयांतून प्रतिकारक्षम स्टॅफिलोकोकस जंतू बळावले होते. केवळ उत्पादन वाढवून हा प्रश्न सुटण्याजोगा नव्हता. रेणूच बदलणे अवश्य होते.

हा मार्ग इंग्लंडमधील बीचॅम प्रयोगशाळेने मोकळा केला. पेनिसिलिनचा गाभा, म्हणजे ६-अमिनोपेनिसिलॅनिक आम्ल, तेथे अलग करण्यात आला. १९५९ मध्ये ते वृत्त प्रसिद्ध झाले. या गाभ्याला निरनिराळ्या पार्श्वशृंखला जोडता येऊ लागल्या. १९६० साली मेथिसिलिन आले. त्याच्या अवजड शृंखलेमुळे विनाशक एंझाइमला वलयापर्यंत पोचणे दुष्कर झाले. १९६१ मध्ये अँपिसिलिन आले व उपचाराचे क्षेत्र विस्तारले.

मात्र अशा औषधांसाठी गाभा विपुल हवा. रासायनिक पद्धतीने तो मिळविताना शून्याखाली सुमारे ४० अंश तापमान व घातक द्रावके लागत. पेनिसिलिन अ‍ॅसिलेज हे एंझाइम तेच कार्य पाण्यात, साध्या तापमानात करते. ते वलयास धक्का न लावता फक्त पार्श्वशृंखला तोडते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत शिवरामन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे एंझाइम स्थिर करून वारंवार वापरण्याची पद्धती विकसित केली आणि ती पिंपरीच्या उत्पादनात उतरली. त्यासाठी घेतलेला जंतू ई. कोलायच होता. ज्या जंतूत औषधाचा नाशक प्रथम सापडला, त्याच्याच दुसऱ्या एंझाइमने औषधाच्या पुनर्घटनेस साहाय्य करावे, ही घटना लक्षणीय होय. १९९९ मध्ये याच प्रयोगशाळेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या गटाने पेनिसिलिन व्ही अ‍ॅसिलेजची स्फटिकरचना प्रसिद्ध केली.

तथापि या यशाची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. मेथिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस १९६१ मध्येच इंग्लंडात आढळले. त्यांनी औषध फोडले नव्हते. औषध ज्या प्रथिनाला जखडते त्याच्या जोडीला, औषधास दाद न देणारे निराळे प्रथिन वापरात आणले होते. शिवाय कृत्रिम सांधे व नलिका यांवर जंतू चिकट थर करून राहतात. त्यांतील वाढ मंदावलेल्या पेशींवर, भित्तिकेच्या बांधणीत व्यत्यय आणणारे पेनिसिलिन, त्याची शृंखला कितीही बदलली तरी, फारसे चालत नाही.

सारांश, रेणूची पुनर्घटना ही जंतूच्या एका विशिष्ट युक्तीवरील उपाय होय. प्रतिकार नेमका कोठे घडतो हे ठरविल्यावाचून केलेला बदल नवे औषध देईल. परंतु नवा उपचार देईलच असे नाही.