टाक्याचे जहाज

सावर्ड्याच्या पेठेतून गोव्याच्या दिशेने तेलाचा टँकर धडधडत गेला, की हे वाहन आणि त्याचे नाव दोन्ही विलायती असे आपण गृहीत धरतो. परंतु इंग्रजीतला मूळ ‘टँक’ हा शब्द गुजराती-मराठीतल्या ‘टांके’, ‘टाके’ या शब्दांवरून उचलला गेला असावा आणि पोर्तुगीज शब्दाने त्यास पुष्टी दिली असावी, असा कोशकारांचा कयास आहे. गडावरच्या कातळात छिन्नीने खोदलेले, पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यापर्यंत राखणारे आपले टाकेच पुढे लोखंडी होऊन दर्यावर गेले, असे मानण्यास मला तरी आनंद वाटतो.

अशा एका टाक्याची बखर आमच्या रत्नागिरी जिल्ह्याला अगदीच परकी नाही. ‘ओंदिना’ हे डच तेलवाहू जहाज १९३९ साली, युद्धाच्या उंबरठ्यावर, अ‍ॅमस्टरडॅम येथे बांधून पुरे झाले. नोव्हेंबर १९४२ मध्ये ते ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटलहून रिकाम्या पोटी निघाले, तेव्हा त्याच्या संरक्षणास होती ‘बंगाल’ ही जेमतेम साडेसहाशे टनांची नवी युद्धनौका. आणि ती होती रॉयल इंडियन नेव्हीची, म्हणजे ज्या आरमारात रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आले त्याची. ११ नोव्हेंबरला ‘होकोकु मारू’ व ‘आयकोकु मारू’ ही प्रत्येकी दहा हजार टनांहून मोठी जपानी जहाजे दोघांवर चालून आली. ‘ओंदिना’च्या पिछाडीस चार इंची एकच तोफ आणि तिला गोळे अवघे ३२! तरीही ‘होकोकु मारू’ पेटले, स्फोट होऊन बुडाले. तो निर्णायक गोळा कोणाचा, यावर डच आणि हिंदी कैफियती अद्याप जुळत नाहीत.

पुढे ‘बंगाल’चा दारूगोळा सरत आला व ती दूर गेली. ‘ओंदिना’चे कप्तान विलेम हॉर्समन तोफगोळ्याने ठार झाले, खलाशी होड्यांत उतरले, आणि त्या होड्यांवरही जपान्यांनी गोळ्या झाडल्या. जहाजाला दोन टॉर्पेडो लागले. तरी ते बुडेना. अर्धा हंडा डोक्यावर घेतलेल्या बाईला ठाऊक असते, की पाणी एका अंगाला हिंदकळले म्हणजे तोल जातो. म्हणून तेलवाहू जहाजाचे पोट सलग न ठेवता आडव्या-उभ्या लोखंडी भिंतींनी अनेक टाक्यांत विभागलेले असते. त्या दिवशी ती टाकी रिकामी होती; फुटली त्यांतच समुद्र शिरला, बाकीच्यांतल्या हवेने जहाज तोलून धरले.

शत्रू निघून गेल्यावर उरलेले लोक परत चढले, आग विझवली, आणि ते जहाज १८ नोव्हेंबरला फ्रीमँटलला पोहोचले. दुरुस्तीनंतर त्याने पुन्हा वर्षानुवर्षे तेल वाहिले. १९५९ साली हाँगकाँगला त्याचे पत्रे सुटे करण्यात आले.