कर्जरोखा आणि मोडी लिपी

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून जाळले. या उठावातून १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा निघाला. त्याने न्यायालयाला व्यवहाराच्या मुळाशी जाण्याचा अधिकार दिला. परंतु रोख्यावर नांगराची निशाणी करणाऱ्या कुणब्याला तो रोखा वाचता यावा, ही तजवीज कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुले यांनी नेमके हेच मर्म धरले. रयतेच्या श्रमांतून येणारा महसूल वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा आक्षेप. प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे, ही मागणी. त्यांच्या अभ्यासक्रमात मोडी व बालबोध वाचन, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान होते. रोखे मोडीत लिहिले जात, हे ध्यानात घेतले म्हणजे या निवडीचा अर्थ उलगडतो.

पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) त्यांनी सारा, कर्ज, धर्मविधींचा खर्च आणि अविद्या यांची एकच साखळी मांडली. जाळलेल्या रोख्याच्या जागी नवा रोखा येतो. अविद्येचा दुवा तुटल्याखेरीज ही साखळी तुटत नाही, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय. सक्तीच्या शिक्षणाची ती मागणी कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कायद्यात आणली.