एका खड्याचा इतिहास

अळूच्या भाजीत चिंच का घालावी, हे आपल्याकडील गृहिणीला शिकवावे लागत नाही. अळूची पाने घशाला खाजतात, कारण त्यांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. हे स्फटिक कॅल्शियम ऑक्झलेटचे.

हाच पदार्थ भूगर्भातही सापडतो. 1852 साली ब्रुक आणि मिलर यांनी त्या खनिजाला केंब्रिजचे विल्यम ह्यूएल यांच्या सन्मानार्थ 'ह्यूएलाइट' हे नाव दिले. ह्यूएल हे लँकेस्टरच्या एका सुताराचे चिरंजीव. पुढे ते खनिजशास्त्राचे प्राध्यापक झाले. इंग्रजीतील 'सायंटिस्ट' हा शब्दही त्यांनीच घडवला. रात्री दिव्याखाली पुस्तके वाचून शिकलेल्या आम्हांला या सुतारपुत्राचे विशेष कौतुक वाटते.

जर्मनीत ड्रेस्डेनजवळ दगडी कोळशाच्या थरांत ह्यूएलाइटचे सुरेख स्फटिक मिळाले. चुनखडीच्या दगडावर वाढणारे दगडफूल ऑक्झॅलिक आम्ल सोडते, आणि त्यातून दगडावर या पदार्थाचा पातळ थर चढतो. ह्यूएलाइटचे भावंड 'वेडेलाइट'. त्यात पाण्याचा अंश अधिक. ते अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या तळच्या गाळात सापडले आणि पुढे त्याला त्या समुद्राचे नाव मिळाले.

पण ही दोन्ही भावंडे माणसाच्या मूत्रपिंडातही राहतात. तुतीच्या फळासारखा खडबडीत मुतखडा या पदार्थाचा असतो, हे इंग्लंडच्या वोलॅस्टन या डॉक्टरांनी 1797 साली दाखवले. मुतखड्याची कारणे अनेक आहेत. परंतु घाम गळत राहिला आणि पोटात पाणी कमी गेले, की लघवी दाट होते व खडा धरण्याचा संभव वाढतो.

भट्टीखात्यातील आमचा एक सोबती कळ येऊन जमिनीवर लोळला, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पाण्याचा नळ लांब होता, आणि जागा सोडली की मुकादम डोळे वटारी. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 18 व्या कलमात पिण्याच्या पाण्याची सोय सक्तीची केली होती. 250 हून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात थंड पाणी द्यावे, असेही त्यात होते. आम्ही ते कलम पाठ करून व्यवस्थापकांपुढे म्हटले, तेव्हा कोठे नळ भट्टीजवळ आला.

कोळशाच्या थरात खडा धरला तर त्याचा जाब कोणाला विचारावा? भट्टीपुढे तहानलेल्या माणसाच्या पोटात धरला, तर मात्र विचारता येतो, आणि तो विचारलाच पाहिजे.