शुश्रूषेची विद्या

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून प्रार्थना समाजाचे मंदिर फार दूर नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८९३ साली हायकोर्टाचे न्यायाधीश होऊन मुंबईस आले, त्यानंतर त्यांच्या पत्नी रमाबाई या समाजाच्या आश्रयाने स्त्रियांसाठी वर्ग चालवू लागल्या. शिवण, विणकाम व भाषा यांच्या जोडीस त्यांत प्रथमोपचाराचाही वर्ग होता. आजाऱ्याची सेवा ही रीतसर शिकावयाची विद्या आहे, हा विचार त्या वर्गाच्या मुळाशी होता.

तो विचार त्या काळी लोकांच्या सहजी गळी उतरण्यासारखा नव्हता. घरातील वृद्धांचे पथ्यपाणी, अंथरूण-पांघरूण आणि रात्रीची जागरणे सुनेने अथवा माहेरी परत आलेल्या विधवा बहिणीने करावीत, अशीच रूढी होती. ते काम माया असली की आपोआप येते, अशी सर्वांची समजूत. परक्याच्या घरी जाऊन तेच काम मोल घेऊन करणे मात्र कुलीन स्त्रीस कमीपणाचे मानले जाई.

विलायतेतही आरंभी निराळी स्थिती नव्हती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने जमलेल्या लोकवर्गणीतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. तेथे उमेदवार स्त्रीस राहणे व जेवण फुकट असून वर्षास दहा पौंड हातखर्चासही मिळत. शिकणारीस पोटाची चिंता राहू नये आणि तिचा दर्जा वाढावा, हे दोन्ही हेतू त्यात होते.

आपल्याकडे या कार्यास संस्थेचे रूप आले ते सेवासदनामुळे. बेहरामजी मलबारी हे पारशी गृहस्थ व दयाराम गिदुमल हे सिंधी गृहस्थ. या दोघांनी १९०८ साली मुंबईस सेवासदनाची स्थापना केली व अध्यक्षपद रमाबाईंकडे दिले. गावदेवीतील ही संस्था गिरगावकरांच्या परिचयाची आहे. पुढील वर्षी पुण्यास सेवासदन निघाले. तेथून १९११ च्या सुमारास स्त्रियांना ससून रुग्णालयात शुश्रूषेच्या शिक्षणासाठी पाठविण्यास प्रारंभ झाला. या कामी गोपाळ कृष्ण देवधर यांचे रमाबाईंस मोठे साहाय्य होते.

खरी अडचण पुढेच होती. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभात केशवपन केलेली एक तरुण विधवा बक्षीस घेण्यास व्यासपीठावर आली, तेव्हा सज्ज्यातील विद्यार्थ्यांनी तिची टर उडविली. रमाबाईंनी उठून त्या सुशिक्षित म्हणविणाऱ्या तरुणांची भर सभेत कडक शब्दांत कानउघाडणी केली. शुल्क माफ करता येते, वसतिगृह बांधता येते. परंतु समाजाची नजर बदलणे सर्वांत कठीण, हे या प्रसंगावरून ध्यानी येते.

आज हा प्रश्न वृद्धांच्या रूपाने पुन्हा उभा आहे. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे भारतात साठी उलटलेल्यांची संख्या दहा कोटींवर होती. ठाकूरद्वारच्या जुन्या चाळींत त्याचे चित्र सहज दिसते. मुले-सुना उपनगरांत अथवा परदेशी; इकडे लाकडी जिना, गॅलरीच्या टोकाला शौचकूप, आणि सोबतीस दिवसपाळीची एखादी ‘मावशी’. खाटेवर खिळलेल्या माणसास दर दोन तासांनी कूस बदलून न दिल्यास पाठीस जखमा होतात. निजल्या निजल्या घास भरविल्यास ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाते. स्मृतिभ्रंश झालेल्याशी वाद घालू नये, त्याचे लक्ष दुसरीकडे वळवावे. या गोष्टी नुसत्या मायेने कळत नाहीत. त्या शिकवाव्याच लागतात.

शिक्षणाची सोय अगदीच झाली नाही असे नाही. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत रुग्णसाहाय्यकांचे अभ्यासक्रम विनाशुल्क ठेवण्यात आले. तथापि हातावर पोट असलेल्या बाईस शुल्कमाफी पुरत नाही. शिकण्याच्या महिन्यांत तिची रोजची मिळकत बुडते, आणि तिच्या घरची चूल थांबत नाही. शिवाय शिकून आल्यावरही तिला मोलकरणीचाच दर देणारे घर भेटले, तर त्या शिक्षणाचा तिला लाभ कोणता?

सेंट थॉमसच्या शाळेने विद्येसोबत अन्न, निवारा व हातखर्च दिला. रमाबाई भर सभेत आपल्या विद्यार्थिनीच्या पाठीशी उभ्या राहिल्या. फुकट शिक्षणास या जोडीची आजही तितकीच गरज आहे. पैकी विद्या, विद्यावेतन व निवारा यांची तजवीज सरकार व संस्था करू शकतील. मान मात्र ज्याच्या त्याच्या घरातूनच द्यावा लागेल. आईच्या उशाशी रात्र जागविणाऱ्या बाईस घरातील माणसे कोणत्या नावाने हाक मारतात, तिला जेवावयास कोठे बसवितात आणि आठवड्याची सुटी देतात की नाही, यांवरच या विद्येचे भवितव्य अवलंबून आहे.