टर्मिनलची स्मरणमर्यादा : कागदापासून स्क्रोलबॅकपर्यंत

प्रस्तावना

टर्मिनलच्या खिडकीतून वर सरकून गेलेला मजकूर पुन्हा वाचता यावा म्हणून साठवून ठेवला जातो. या साठ्याला स्क्रोलबॅक म्हणतात. किती ओळी साठवायच्या हे आपण सांगितले नाही, तर आज्ञावली लिहिणाऱ्याने ठरवलेला आकडा, म्हणजे डीफॉल्ट, लागू होतो. बहुतेक जण तो बदलत नाहीत. त्यामुळे तो आकडा कसा आला, हे समजून घेणे उपयुक्त ठरते.

कागद ते काच

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संगणक केंद्र १९७० साली आयबीएम ३६०/४४ या संगणकासह सुरू झाले. पंचकार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि उत्तर छापील कागदावर घ्यायचे, ही त्या काळातील रीत होती. उत्तर लांबले तर कागद लांबे. आधीचे काही पुसले जात नसे. १९६३च्या टेलिटाइप मॉडेल ३३ वरही कागदी गुंडाळीच वापरली जाई. पुढे संस्थेत डेक १०९० ही यंत्रणा आली. तिच्यावर अनेक जण एकाच वेळी आपापल्या टर्मिनलवरून काम करू शकत.

जगभर याच सुमारास कागदाची जागा काचेच्या पडद्याने घेतली. डेक कंपनीच्या व्हीटी१०० (१९७८) या टर्मिनलवर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे, म्हणजे एकूण १,९२० अक्षरे दिसत. पंचविसावी ओळ आली की पहिली नाहीशी होई. म्हणूनच १९७८ मध्ये बर्कली येथे डॅनियल हॅल्बर्ट यांनी 'मोर' ही आज्ञा लिहिली. ती एक पडदाभर मजकूर दाखवून थांबते.

खिडकीतील टर्मिनल

१९८४ मध्ये एक्सटर्म हा टर्मिनल एम्युलेटर तयार झाला. त्याचा डीफॉल्ट बराच काळ केवळ ६४ ओळी होता. आता तो १,०२४ आहे. टीमक्स आणि कोविद गोयल यांचा किटी २,००० ओळी ठेवतात, तर अलाक्रिटी १०,०००.

आकडा कसा ठरवावा?

८० अक्षरांच्या १०,००० ओळी म्हणजे ८ लाख चौकटी. प्रत्येक चौकटीत अक्षरासोबत रंग व ठळकपणाही नोंदवावा लागतो. चौकटीस १२ बाइट धरले, तर एका खिडकीला सुमारे ९६ लाख बाइट लागतात. वीस खिडक्या उघडल्या तर हाच आकडा १९ कोटींवर जातो. मर्यादाच नसेल, तर अखंड छापत राहणारी एक चुकीची आज्ञावली सारी स्मृती व्यापू शकते.

उलट मर्यादा फार कमी असेल, तर संकलन करताना आलेली पहिली त्रुटी हरवते. नंतरच्या अनेक त्रुटी तिच्यापासूनच उद्भवलेल्या असल्याने नेमकी तीच हवी असते.

तिसरा मुद्दा गोपनीयतेचा. नोम टर्मिनल ज्यावर आधारलेले आहे, ते व्हीटीई ग्रंथालय स्क्रोलबॅक डिस्कवरील तात्पुरत्या फाइलींत लिहिते, ही बाब २०१२ मध्ये चर्चेत आली. पडद्यावर दिसलेली गुप्त माहितीही त्यामुळे डिस्कवर उरू शकत होती. नंतर या फाइली कूटबद्ध होऊ लागल्या. २०२० मध्ये लिनक्सच्या कर्नलमधून कन्सोलचा स्क्रोलबॅकच काढला गेला: त्यात सुरक्षेचा दोष होता आणि त्या भागाची देखभाल करणारे कोणी नव्हते.

निष्कर्ष

काही हजार ओळींचा डीफॉल्ट बहुतेकांना पुरतो. जी नोंद टिकायलाच हवी, ती स्क्रोलबॅकच्या भरवशावर न ठेवता 'टी' किंवा 'स्क्रिप्ट' या आज्ञेने फाइलीत उतरवावी.

स्वाध्याय

१. काचेच्या पडद्यामुळे काय मिळाले आणि काय गमावले?
२. आपल्या टर्मिनलचा डीफॉल्ट शोधा व त्यास लागणारी स्मृती काढा.