शनिवारच्या खाऊचे मोल

मराठीत दात 'किडतो'. या एका क्रियापदात माणसाची हजारो वर्षांची समजूत साठवलेली आहे. दाताच्या पोकळीत बारीकशी कीड शिरते, ती आतून दात पोखरते आणि रात्र रात्र झोपू देत नाही, असे प्राचीन बाबिलोनमधील लोक मानीत. तशीच समजूत आपल्याकडेही होती. माझ्या लहानपणी कोणाची दाढ ठणकू लागली की घरातील वडीलधारी मंडळी निखाऱ्यावर रिंगणीचे बी टाकून तोंडाला धुरी देत आणि थोड्या वेळाने "पडली हो कीड!" असे समाधानाने सांगत. मी डोळे फाडून पाहत असे. मला मात्र ती कधीच दिसली नाही.

फ्रान्समधील पिएर फोशार या शल्यवैद्यालाही ती दिसली नव्हती. १७२८ साली त्याने दंतवैद्यकावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने किडीची कल्पना अमान्य केली आणि साखरेकडे व मिठाईकडे बोट दाखवले. पुढे १८९० साली विलोबी मिलर या संशोधकाने खुलासा केला की, तोंडातील सूक्ष्म जिवाणू साखर व पिठूळ अन्नाचे कण आंबवून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दाताचे टणक कवच हळूहळू विरघळते. म्हणजे आपल्या आजी-आजोबांची कीड अगदीच खोटी नव्हती. ती डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी नव्हती, एवढेच. शिवाय ती बाहेरून येत नव्हती. तिला रोज खाऊ घालणारे आपणच होतो.

हा खाऊ जगाला मिळाला तो आपल्याच देशातून. उसाच्या रसापासून साखरेचे खडे करण्याची विद्या प्रथम भारतात विकसित झाली. 'शर्करा' आणि 'खंड' हे आपले शब्द अरबी व फारसीच्या वाटेने युरोपात पोहोचले आणि त्यांतूनच इंग्रजांची 'शुगर' आणि 'कँडी' जन्माला आली. दीर्घकाळ तेथे साखर ही औषधासारखी तोळ्यातोळ्याने विकली जाई. ती परवडे राजेरजवाड्यांना, आणि दातही प्रथम त्यांचेच गेले. १५९८ साली इंग्लंडला गेलेल्या पॉल हेंट्झनर या जर्मन प्रवाशाने राणी एलिझाबेथचे दात काळे पडल्याचे लिहून ठेवले आहे आणि त्याचा दोष साखरेच्या अतिरेकाला दिला आहे. मग वेस्ट इंडीजच्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या घामावर साखर स्वस्त झाली. १७४७ साली मार्गग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बीट या कंदातूनही तीच साखर निघते हे दाखवून दिले आणि पुढील शतकात थंड देशांतही साखरेचे कारखाने उभे राहिले. राजवाड्यातील दंतरोग गरिबाच्या झोपडीत शिरला.

अशा देशांपैकी एक स्वीडन. १९३० च्या दशकात तेथे दातांची इतकी दुर्दशा झाली होती की, तीन वर्षांच्या मुलांमध्येही किडलेले दात सर्रास आढळत. १९३८ साली सरकारने सार्वजनिक दंतसेवा सुरू करण्याचा निर्णय घेतला. परंतु दात भरणाऱ्यांचे हात अपुरे पडणार हे उघड होते. मुळात दात किडतात कशामुळे, याचे निश्चित उत्तर हवे होते. साखरेवर संशय होता, पण तो सिद्ध झालेला नव्हता.

हे उत्तर शोधण्यासाठी लुंड शहरातील विपेहोल्म नावाच्या संस्थेची निवड झाली. १९३५ साली स्थापन झालेल्या या रुग्णालयात तीव्र मतिमंदत्व असलेली माणसे ठेवली जात. शिकण्यास असमर्थ, असा शिक्का त्यांच्यावर बसलेला होता. ती बाहेर जात नसत. त्यांना जे वाढले जाई तेच ती खात. संशोधकाच्या दृष्टीने याहून सोयीची जागा कोणती?

१९४५ साली प्रयोग सुरू झाले. पहिली दोन वर्षे जीवनसत्त्वांचा परिणाम पाहण्यात गेली. १९४७ साली मात्र दिशा बदलली. रुग्णांचे गट पाडण्यात आले. एका गटाला जेवणाबरोबर साखरेचे पेय, दुसऱ्याला गोड पाव, आणखी कोणाला चॉकलेट, तर कोणाला टॉफ्या देण्यात आल्या. या टॉफ्या मुद्दाम चिकट बनविलेल्या होत्या, दातांच्या फटींत बराच वेळ अडकून राहाव्यात म्हणून. एका गटाला तर दिवसाकाठी चोवीस टॉफ्या दिल्या जात. खर्चाचा काही भाग साखर व मिठाईच्या उद्योगाने उचलला होता.

निष्कर्ष निःसंदिग्ध निघाले आणि १९५४ साली बेंग्ट गुस्टाफसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केले. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने दातांची हानी थोडी झाली. तीच साखर चिकट रूपात, दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, पुन्हा पुन्हा तोंडात गेली तेव्हा दात झपाट्याने किडले. चिकट गोड बंद केल्यावर नव्या किडीचे प्रमाण पुन्हा खाली आले. याचे कारणही आज आपणांस ठाऊक आहे. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातांवर आम्ल तयार होते. लाळ ते हळूहळू निवळवते, परंतु त्यासाठी तिला अर्धा ते एक तास लागतो. दर अर्ध्या तासाने आपण काहीतरी गोड तोंडात टाकत राहिलो, तर बिचाऱ्या लाळेला उसंत कधी मिळावी?

या निष्कर्षांतून स्वीडनमध्ये एक घरगुती प्रथा रूढ झाली. मुलांना हवा तेवढा खाऊ द्या, पण आठवड्यातून एकदाच, शनिवारी. स्वीडिश भाषेत अशा खाऊला 'गोडिस' म्हणतात; मराठी कानाला हा शब्द परका वाटू नये! ती प्रथा आजही टिकून आहे आणि त्या देशातील कित्येक पिढ्यांचे दात तिने वाचविले असतील.

पण ज्यांच्या दातांवर हे ज्ञान उगवले, त्यांचे काय झाले? चोवीस टॉफ्या खाणाऱ्यांपैकी अनेकांचे दात नष्ट झाले. त्यांची संमती कोणी घेतली नव्हती आणि ती देण्याची क्षमताही त्यांच्यात नव्हती. मुखात वेदना असताना ती शब्दांत सांगता न येणे म्हणजे काय, याची कल्पनाच करवत नाही. आणि काळाचा योगायोग पाहा. ज्या १९४७ साली विपेहोल्ममध्ये टॉफ्या वाटण्याचा निर्णय झाला, त्याच साली न्यूरेम्बर्ग येथे नाझी डॉक्टरांना शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी लिहून ठेवले की, माणसावर प्रयोग करावयाचा तर त्याची स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे. विपेहोल्मचे डॉक्टर क्रूरकर्मे नव्हते. आपल्या देशातील बालकांचे दात वाचावेत अशीच त्यांची इच्छा होती. म्हणूनच ही कथा अधिक अस्वस्थ करते. सद्हेतूसुद्धा, समोरचा माणूस मुका आहे असे पाहिले की, किती सहज त्याच्या अंगावरून चालून जातो!

हे सत्य दुसऱ्या वाटेने कळलेच नसते असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेमध्ये साखरेची टंचाई झाली, तेव्हा मुलांच्या दातांतील कीड आपोआप कमी झाल्याचे तेथील डॉक्टरांनी नोंदवले. शांततेबरोबर साखर परतली आणि कीडही परतली. ऑस्ट्रेलियातील बाउरल येथे १९४२ साली निघालेल्या होपवुड या बालगृहात मुलांना कोंड्यासकट गव्हाचे पदार्थ, दूध, फळे व भाज्या मिळत. साखर जवळजवळ नसे. त्या मुलांचे दात कमालीचे निरोगी आढळले. पुढे बालगृह सोडून ती बाहेरचे अन्न खाऊ लागली, तेव्हा त्यांचेही दात इतरांसारखे किडू लागले. येथे कोणाला काही भरवावे लागले नाही. नीट पाहणे पुरेसे झाले.

आरंभीच्या ख्रिस्तसभेतील संत अपोलोनियेचे नाव दंतरुग्ण श्रद्धेने घेतात. इ. स. २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रिया नगरीत जमावाने तिचे दात पाडले आणि श्रद्धा सोड म्हणून धमकावले. तिने नकार दिला. विपेहोल्मच्या माणसांना नकार देण्याचीही संधी नव्हती. त्यांची नावे कोणत्याही पंचांगात नाहीत. ९ फेब्रुवारीला संत अपोलोनियेचा सण येतो, तेव्हा मला त्यांचीही आठवण होते.

आता थोडे स्वतःविषयी. अनेक वर्षे मी रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात उत्तर देणाऱ्या मुलाला खिशातून टॉफी काढून देत असे. मुलांना फादर आवडत, फादरांना ते आवडणे आवडे. ही हकीकत वाचल्यापासून माझा खिसा रिकामा असतो. आता सण असला की सगळ्यांना एकदाच, जेवणानंतर, गोड मिळते. मुलांनी दोन रविवार तोंडे वाकडी केली आणि मग ती विसरली.

आपल्या घरांतही पाहावे. सकाळच्या चहाबरोबर बिस्किटे, दहाला पुन्हा चहा, शाळेच्या डब्यात केक, संध्याकाळी शीतपेय, रात्री रडणाऱ्या तान्ह्याच्या बाटलीत साखरेचे दूध. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर प्रौढ माणसाने दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत ठेवावी. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दातांना मोठा आधार दिला आहे हे खरे. पण दिवसभर चरणाऱ्या तोंडाला ती पुरी पडत नाही. नाताळच्या करंज्या सोडा असे मी म्हणणार नाही. त्या ताटात वाढाव्यात, जेवणाबरोबर आनंदाने खाव्यात आणि मग डबा बंद करावा.

एवढे साधे हे शहाणपण. ते आपल्यापर्यंत यावे म्हणून लुंडच्या त्या बंद दालनांत काही अबोल माणसांनी आपले दात गमावले, आणि त्यांना कोणी विचारलेदेखील नाही. ज्ञान त्यांच्याकडून घेऊन ते वाया घालविणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय ठरेल.