मध : लिटरचे किलो आणि किलोचे लिटर कसे करावे?

डाळिंब, लिंबू किंवा कांदा बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये मधपेट्या ठेवल्या असोत, की सातपुड्यात आग्या मोहोळाचा मध काढला जात असो, गावपातळीवर मध अनेकदा बाटलीने किंवा डब्याने मोजून दिला जातो. भाव मात्र किलोचा धरला जातो. १ लिटर म्हणजे १ किलो हा हिशोब पाण्याला लागू आहे, मधाला नाही.

मूळ सूत्र

चांगल्या पक्व मधाची घनता सुमारे १.४२ असते, म्हणजे १ लिटर मध सुमारे १ किलो ४२० ग्रॅम भरतो.

- लिटरचे किलो : लिटर × १.४२
- किलोचे लिटर : किलो ÷ १.४२

तयार हिशोब

- २५० मिली = ३५५ ग्रॅम
- ५०० मिली = ७१० ग्रॅम
- ७५० मिली = १ किलो ६५ ग्रॅम
- ५ लिटर = ७.१ किलो
- २० लिटरचा कॅन = २८.४ किलो
- ५०० ग्रॅम = ३५२ मिली
- १ किलो = ७०४ मिली

नुकसान किती होते?

समजा, भाव किलोला ४०० रुपये ठरला. लिटरचे माप भरून ४०० रुपये घेतले, तर प्रत्यक्षात ५६८ रुपयांचा मध गेला. लिटरमागे १६८ रुपयांचा तोटा झाला. १५ किलो तेलाच्या रिकाम्या डब्यातही हीच चूक होते. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने त्या डब्यात सुमारे १६.५ लिटर जागा असते. तोच डबा मधाने भरला, तर २३ किलोहून अधिक मध बसतो.

आकडा कशाने बदलतो?

- ओलावा : १७ ते १८ टक्के ओलाव्याला घनता सुमारे १.४२, २० टक्क्यांना १.४०, तर २२ टक्क्यांना सुमारे १.३९ असते. हे आकडे २० अंश सेल्सिअस तापमानाचे आहेत. आग्या मोहोळाच्या मधात ओलावा बहुधा जास्त असतो.
- तापमान : खानदेशच्या उन्हाळ्यात ४० अंशांना मध थोडा फुगतो आणि लिटरमागे साधारण १५ ते २० ग्रॅम कमी भरतात. वजन मात्र तेवढेच राहते.
- फेस : काढणीनंतर मध गाळून एक-दोन दिवस स्थिर ठेवावा, मगच मोजावा.

घरच्या घरी तपासणी

१. कोरडे, रिकामे भांडे काट्यावर ठेवून काटा शून्य करा.
२. भांड्यावर खूण करून तिथपर्यंत पाणी भरा व वजन लिहा.
३. भांडे पूर्ण कोरडे करून त्याच खुणेपर्यंत मध भरा व वजन करा.
४. मधाच्या वजनाला पाण्याच्या वजनाने भागा.

साधारण ३० अंश तापमानात उत्तर १.३९ पेक्षा कमी आले, तर ओलावा २० टक्क्यांच्या अन्न सुरक्षा मर्यादेपेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे. असा मध आंबतो. रिफ्रॅक्टोमीटरने खात्री करावी आणि पुढील वेळी किमान तीन-चतुर्थांश भाग मेणाने बंद झालेल्या पोळ्याच काढाव्यात. आकडा बरोबर आला म्हणून मध शुद्धच आहे असे समजू नये. साखरेचा दाट पाकही तेवढाच जड असतो. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणी आवश्यक आहे.

विक्री करताना

मध नेहमी काट्यावर, भांड्याचे वजन वजा करूनच द्यावा. पॅकबंद बाटलीवर निव्वळ प्रमाण ग्रॅम किंवा किलोतच छापावे. व्यापारी लिटरनेच मागत असेल, तर किलोच्या भावाला १.४२ ने गुणून लिटरचा भाव सांगावा.